पळीचा दांडा आणि मारोतीचे दोन दात

"अवं सोड! दात तुटतीन त्याचे!" मी ओरडले आणि कांताच्या हातातली पळी धरली. तिनं सोडली नाही. पळीचा दांडा तिनं नवऱ्याच्या मिटलेल्या दातांच्या फटीत घातला होता आणि डब्याचं गच्च बसलेलं झाकण उचकटावं तसा ती तो दोन्ही हातांनी दाबत होती. नवरा, मारोती, ओट्यावर आडवा पडला होता. तोंडाच्या कोपऱ्यांतून फेस येत होता. डोळे उघडे होते, पण कोणाकडे बघत नव्हते. दंडाचं मांस कातडीखाली आपोआप थरथरत होतं.

हे आर्णीला, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, आमच्या दाताच्या दवाखान्याच्या ओट्यावर चाललं होतं. एका मोटरसायकलवर तिघं आले होते. पुढं हमीद, मधे मारोती, मागून त्याला धरून कांता. तिघंही सकाळपासून एकाच वावरात मजुरीला होते. हमीद आणि मारोती पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध फवारत होते आणि कांता पाणी आणून त्यात औषध कालवून देत होती. मारोती फवारता फवारता खाली बसला आणि बसल्याजागी कलंडला.

"सरकारी दवाखाना सोडून इकडं काहून आणलं?" मी हमीदला विचारलं.

"तिथं पोटात नळी टाकते ना, मावशी. तोंडच नाही उघडून राह्यलं तं नळी कशी जाईन? वहिनी म्हणे, आधी दाताच्या डॉक्टरकडं चाला. त्याईच्याजवळ तोंड उघडाचं मशीन असते."

तुम्ही कदाचित हसाल. मला हसू आलं नाही. तोंड उघडत नाही, तर तोंडाच्या डॉक्टरकडे न्या, यात त्यांचं काय चुकलं? घाबरलेला माणूस जितका विचार करू शकतो तितका त्यांनी केला होता.

"मले सोडा, मावशी!" कांता म्हणाली. "मागच्या साली पळी घातली म्हणून जगला थो!"

तेवढ्यात आमच्या डॉक्टर निखत मॅडम बाहेर आल्या. हातमोजे तसेच होते. खुर्चीत एक म्हातारबाबा अर्धी कोरलेली दाढ घेऊन बसले होते, तेही मागोमाग आले आणि कोणी न सांगता भिंतीला टेकून उभे राहिले. मॅडमनी मारोतीच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या. टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"पळी फेका. पाणी पाजू नका. कुशीवर करून आत घ्या."

आमच्याकडे तोंड उघडायचं मशीन नव्हतं. पण लाळ ओढायची नळी होती. हे औषध अंगात गेलं की माणसाच्या तोंडात लाळेचा पाट सुटतो आणि तो आपल्याच लाळेत बुडतो. हे मॅडमनी मला तेव्हाच, काम करता करता सांगितलं. मारोतीला त्याच खुर्चीवर आडवं केलं. मी गालाच्या आतून, दातांच्या मागच्या फटीतून नळी सरकवली आणि ओढायला लागले. दात उघडायची गरजच नव्हती. गाल आणि हिरडी यांच्यामध्ये जागा असते, तिथून मागपर्यंत जाता येतं. इतकी वर्षं मी तेच करत आले होते. मॅडमनी त्याचा औषधानं भिजलेला सदरा कात्रीनं कापून काढला आणि हमीदला साबण देऊन म्हणाल्या, "अंग धू त्याचं. आणि तुझंही धू." तातडीच्या डब्यात विषावरच्या उताऱ्याची जी सुई होती ती दिली. तेवढी पुरणारी नव्हती. सरकारी दवाखान्यात फोन लावला. अँब्युलन्स आली. नळी काढताना मला भीती वाटत होती, कारण तिच्यामुळेच त्याच्या घशातली घरघर कमी झाली होती.

कांता दाराशी उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून वाहत होतं, ती पदरानं पुसत होती. आम्हाला वाटलं, रडते आहे. ते रडणं नव्हतं. तेही औषधच होतं. मॅडमच्या ते लक्षात आलं तोवर ती अँब्युलन्समध्ये चढली होती. मॅडम फोनवर ओरडून सांगत होत्या, "त्या बाईलाही बघा! बाईलाही!"

मारोतीचे ते वरचे दोन दात आमचे होते. म्हणजे आम्ही उभे केलेले. म्हणून माझ्या तोंडून पहिला शब्द तो निघाला. मागाहून लोकांनी तोच धरून ठेवला.

दिवाळी अंकासाठी दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. गमती होत्या. शेख बाबू नावाचा एक शिंपी पुढच्या दाताचा तुटलेला तुकडा झटपट चिकटणाऱ्या गोंदानं घरीच चिकटवून आला होता. तुकडा उलटा बसला होता. आरशापुढं तोंड वासून म्हणाला, "बहन, सिलाई उल्टी हो गई, उसव दो." एका बाईनं आपल्या दाताचा तुकडा कापसाच्या बोंडात घालून आणला होता, आत्ताच झाडावरून तोडलेल्या. मॅडम म्हणाल्या, दुधात घालून आणायचा असतो. बाई म्हणाली, "दूध लेकराले लागते." तो तुकडा बसला आणि चांगला टिकला.

पण त्या वर्षांत, कापसाची वाट लागली होती तेव्हा, आमच्याकडे पुढचे दात तुटलेली माणसं फार येत. पडून दात तुटला तर ओठ फाटतो, नाक सुजतं. यांच्या ओठावर ओरखडासुद्धा नसायचा आणि वरचे दोन दात तिरपे मोडलेले असायचे. मी चौथी शिकलेली बाई. सुरुवातीला झाडलोट करायला लागले होते, मग मॅडमच्या हाताखाली आले. पण ते कशानं तुटले हे मला सांगावं लागत नव्हतं. आमच्याकडे रीतच आहे. कोणी विष घेतलं किंवा फवारताना कोणाला लागलं आणि दातखीळ बसली, की घरातली बाई पळी घेऊन धावते. दांडा घालून तोंड उचकटायचं आणि मिठाचं पाणी ओतायचं. बाहेर पडलं की माणूस वाचतो, असं समजतात. जे वाचतात त्यांचे दात जातात. जे मरतात ते दाताच्या दवाखान्यात येत नाहीत. म्हणून पळीनं माणूस वाचतो असंच सगळ्यांना दिसतं.

आम्ही विचारलं तर सांगत, "बैलानं शिंग मारलं." एका बाईची जाऊ तर ती काही बोलायच्या आधीच म्हणाली, "हापशीचा दांडा लागला जी. हापशीचाच." मी मान हलवली. गावात अशा दातांचा एकच अर्थ लावतात. कोणी विष पिऊन पडलेला असो की फवारताना पडलेला, दात तुटला म्हणजे हा विष प्यायला होता. मग त्याच्या पोरीला स्थळ येत नाही, त्याला कोणी उसनं देत नाही. म्हणून लोक तोंडाला रुमाल बांधून येत.

मारोती असा रुमाल बांधून आला होता. आदल्या वर्षी, फवारणी संपून वेचणी लागली होती तेव्हा. कांता बरोबर होती. रुमाल सोडून तो म्हणाला, "मी पेलो नाही, मावशी. हे आधी लिहून घ्या."

"इथं दात लिहितात. बाकीचं नाही," मी म्हटलं.

"फवारतानी चक्कर आली. हिनं पळी घातली."

"घातली म्हणूनच बसला ना इथं," कांता म्हणाली. "नाही तं फोटोत बसला असता."

मारोती हसला आणि लगेच हात तोंडावर नेला. दोन्ही दात हिरडीजवळच मोडले होते. मॅडमनी बघून सांगितलं, मुळं काढून टाकू आणि काढता-घालता येणारे दात बसवू. सोपं काम होतं. मारोती म्हणाला, "त्यानं क्लॅरोनेट वाजन का?"

तो लग्नाच्या बँड पार्टीत क्लॅरोनेट वाजवायचा. पावसाळ्यात फवारायचा आणि लग्नसराईत वाजवायचा. हे वाद्य तोंडात धरतात तेव्हा त्याचा वरचा भाग थेट वरच्या दोन दातांवर टेकतो. सगळा जोर तिथंच येतो, शिवाय वाजताना ते थरथरतं. काढता-घालता दात तिथं पहिल्याच वरातीत निघून पडला असता.

"दात असले तं मी पार्टीसंगं वर्ध्याले, नांदेडले जाईन," तो म्हणाला. "मालक बारा महिने ठेवतो म्हणते. मंग औषधाच्या डबड्याले हात लावत नाही."

म्हणजे काम दातांचं होतं, पण खरं मागणं वेगळं होतं. दात राहिले तर तो फवारणी सोडणार होता. हे त्यालाही माहीत होतं, कांतालाही आणि त्या दिवसापासून आम्हालाही.

मॅडम आर्णीतल्याच. त्यांचे वडील मोटारी गुंडाळायचे, म्हणजे जळालेल्या पाणबुडी मोटारींत नवी तार भरायचे. त्या दोन-चार वाक्यांत नकार देणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांनी दातांचा एक्स-रे फोटो काढला आणि बराच वेळ बघत बसल्या. मग मला बोलावून दाखवला.

आता हे नीट सांगते, कारण बाहेरच्या माणसाला दात म्हणजे वर दिसतो तेवढाच वाटतो. वरचा मोडला आणि खालचं मूळ धड असलं, तर मुळाच्या आतली नस काढून ती पोकळी साफ करतात. मग तिच्यात एक काडी बसवतात, तिला आम्ही खुंटी म्हणायचो. तिच्यावर नवा दात बांधतात आणि टोपी चढवतात. पूर्वी खुंटी धातूची असायची. चांगल्या जाड मुळात ती चालते. पण मारोतीची मुळं तशी नव्हती. लहानपणी तो बैलबंडीवरून तोंडावर पडला होता. तेव्हाच त्या दोन दातांचा जीव गेला आणि मुळांची वाढ जागच्या जागी थांबली. बाहेरून मूळ दिसत होतं, आतून मात्र भोक रुंद आणि भिंती पातळ, हरभऱ्याच्या टरफलासारख्या. खालचं टोकसुद्धा बंद झालेलं नव्हतं. अशा मुळात धातूची खुंटी ठोकली तर ती पाचरीचं काम करते. लाकूड फाडायला पाचर मारतात ना, तसंच. दाबलं की मूळ उभं चिरतं. उभं चिरलेल्या मुळाला काही इलाज नसतो.

दुसरा मार्ग असा, की आधी खालच्या उघड्या टोकाला औषधाचं बूच बसवायचं. मग पातळ भिंतींना आतून रेझिनचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या मसाल्याचा, थर देऊन त्या जाड करायच्या. मध्ये काचेच्या धाग्याची खुंटी बसवायची. ती धातूसारखी अडून राहत नाही, दाताबरोबर थोडी वाकते. मसाला निळ्या दिव्यानं घट्ट होतो, पण मुळाच्या तळाशी उजेड पोचायला हवा. तो त्या काचेच्या काडीतून खाली उतरतो. सगळं जमलं तर मसाला, काडी आणि मूळ एकजीव होतात आणि टरफलाला ताकद येते. धडधाकट मुळाइतकी येत नाही. पण येते.

यात एकच वैरी असतो, तो म्हणजे ओल. मसाला लावताना लाळेचा एक थेंब आत गेला तर तो धरत नाही. वरून छान दिसतं आणि काही महिन्यांनी सगळं हातात येतं. कोरडं ठेवणं हे माझं काम. ओठाखाली कापसाच्या सुरळ्या, गालात नळी आणि मुळात कागदाच्या बारीक काड्या घालून ओल टिपायची, काडी कोरडी बाहेर येईपर्यंत. दवाखान्याच्या खिडकीतून बाहेर कापसाच्या गाड्या दिसायच्या, आणि आमचा कापूस मात्र पुडक्यातून यायचा. मारोतीला पहिल्यापासून लाळ फार. मी त्याला म्हणायची, "तू वाजवतो का थुंकतो रे?" तोंड उघडं असल्यामुळे त्याला उत्तर देता यायचं नाही. डोळ्यांनी शिवी द्यायचा.

बऱ्याच खेपा झाल्या. टोपी बसली त्या दिवशी तो वाद्य पिशवीत घेऊन आला होता. मॅडम म्हणाल्या, आज नको, पंधरवडा जाऊ दे. पंधरवड्यानं तो परत आला आणि बाकावर बसून वाद्य जोडलं. बाहेरचे चार पेशंट आत आले. त्यानं तोंडाला लावलं आणि वरातीची एक धून वाजवली. मॅडम त्याच्या बोटांकडे बघत नव्हत्या, दातांकडे बघत होत्या. वाजवणं फार काही थोर नव्हतं, मधे दोनदा चिरकलं. पण दात हलले नाहीत.

"कसं वाटते?" मॅडमनी विचारलं.

"डोक्यापर्यंत वाजते, मॅडम. पयले दात होते तवा इतकं नोतं वाजत."

"आतापासून दातानं ऊस सोलायचा नाही. बाटलीचं बूच काढायचं नाही. सुपारी नाही."

"आन बायकोसंगं भांडण?" कांता म्हणाली.

"ते तोंडानं करा. दातानं नको."

मी कांताला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे पाह्य, आता त्याच्या दातात कधी लोखंड घालू नको. हे दात वाकडा जोर सहन नाही करत. आन पळीनं कोणी जगत नाही. बेहोश माणसाले पाणी पाजलं तं ते छातीत जाते." ती हो म्हणाली. लोक डॉक्टरला हो म्हणतात तसंच. पहिली गोष्ट तिच्या ध्यानात राहिली असेल. दुसरी राहिली नाही, कारण तिच्या डोळ्यांसमोर तिचा नवरा पळीनं जगलेला होता. माझ्या शब्दापेक्षा तिचे डोळे तिला खरे वाटणार.

लग्नसराई आली. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. ज्या घरात कापूस येत नाही त्या घरात लग्न पुढच्या साली जातं. जी लग्नं झाली ती सामूहिक मंडपात झाली, आणि तिथं एकच डीजे सगळ्यांना पुरतो. बँडच्या मालकानं बारा महिने ठेवतो म्हटलं होतं. सराई संपायच्या आत त्यानं बँडची गाडी विकली आणि तो मुलाकडे पुण्याला गेला. मारोती दात दाखवायला आला तेव्हा मी विचारलं, "वाजवून राह्यला का नाही?"

"चार वराती झाल्या. एक मयतीले बलावलं होतं."

"मग आता?"

"आता काय. मृग निंगाला. पऱ्हाटी लावली लोकाईनं."

मॅडमनी खुंटीचा फोटो घेतला. मूळ धड होतं, कुठं चीर नव्हती. त्या म्हणाल्या, "मारोती, तोंडाला बांधून फवारत जा."

"बांधतो ना, मॅडम. पण घाम येते तं रुमाल भिजते. मंग औषध रुमालालेच लागते. सोडलं तं बरं वाटते."

त्या पावसात पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. एरवी कमरेएवढ्या झाडावर औषध खाली मारतात. त्या वर्षी वर मारत होते आणि ते त्यांच्याच तोंडावर पडत होतं. पाठीवर पेट्रोलवर चालणारे नवे पंप आले होते, त्यांना चायना पंप म्हणत. त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक असतो आणि नाकात कधी गेला ते कळत नाही. एका औषधानं अळी मरेना म्हणून दोन-तीन एकत्र कालवत. कालवणारी बहुधा बाई असते. हातानं, नाही तर काडीनं. कांता हातानं कालवत होती.

मग तो बाजाराचा दिवस आला, ज्याचं मी सुरुवातीला लिहिलं.

आर्णीहून मारोतीला त्याच दिवशी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं वॉर्डात फवारणीचे किती तरी लोक होते. काहींच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. काही इतके बडबडत होते की त्यांचे हात खाटेला बांधावे लागले होते. कांताही तिथंच पडली, बायकांच्या वॉर्डात. ती नवऱ्याच्या खाटेजवळ बसलेली असताना तिथंच तिचे हात थरथरायला लागले आणि उलट्या सुरू झाल्या. हमीदला दोन दिवसांनी दिसेनासं झालं, त्यालाही आणलं. एकाच वावरातले तिघं तीन खाटांवर.

मी आणि मॅडम एस.टी.नं भेटायला गेलो. मारोतीला श्वासाचं मशीन लावलं होतं. तोंडातून जाड नळी छातीत गेलेली होती आणि ती वरच्या दोन दातांवर टेकवून पट्टीनं बांधलेली होती. मॅडमनी वाकून बघितलं. त्यांना सवयच होती, कोणाचंही तोंड दिसलं की त्या आधी दात बघत. नळीचा भार तिथंच होता. दोन्ही दात जागेवर होते.

"टिकले, मावशी," त्या म्हणाल्या आणि बाहेर निघून गेल्या. मी बाहेर आले तेव्हा त्या जिन्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. परत येताना त्या एकच वाक्य बोलल्या, "आपण चुकीची गोष्ट दुरुस्त केली." मला ते पटलं नाही. आम्ही जे येत होतं ते दुरुस्त केलं. बाकीचं आमच्याकडे येत नव्हतं.

मारोती गेल्यावर गावात बोलणं सुरू झालं. दवाखान्याच्या ओट्यावर उभे होते त्यांनी माझं ओरडणं ऐकलं होतं. "दात तुटतीन" असं मी म्हटलं होतं. "नळी टाका", "जीव वाचवा" असं काही म्हटलं नव्हतं. बाजारात एक बाई माझ्या मागं दुसरीला म्हणाली, "हेच थे. दाताच्या पायी माणूस घालवला. पळी घालू देली असती तं सारं विष वकला असता." मारोतीच्या गावचे पेशंट पुढं दारव्ह्याला जाऊ लागले. मी कोणाशी वाद घातला नाही. मी तीच पळी पुन्हा ओढून घेईन, तेच ओरडून. पळीच्या दांड्यावरून ओतलेलं पाणी त्याच्या छातीत गेलं असतं, आणि आमच्या खुर्चीवर त्याला जेवढा श्वास मिळाला तेवढाही मिळाला नसता. पण हे ऐकून घ्यायला लोक पळी घालूनही मेलेल्यांना मोजायला तयार हवेत.

दिवाळी होऊन गेल्यावर कांता दवाखान्यात आली. बरीच वाळली होती. तिचा नंबर लावायला गेले तर म्हणाली, "मले दात नाही दाखवाचे. विचाराचं हाये."

मी तिला आत बसवलं. खुर्चीत नाही, माझ्या स्टुलावर.

"खरं सांगा, मावशी. मी जोर लावून तोंड उघडलं असतं तं?"

"नाही."

"मागच्या साली उघडलं होतं."

"मागच्या साली त्याले थोडं लागलं होतं. तो तसाही उठला असता. तू त्याचे दात मोडले फक्त."

हे मी मुद्दाम कडक बोलले. तिनं पळी सोडली म्हणून तो मेला, असं तिला वाटत होतं. ते तिच्या डोक्यातून निघावं म्हणून दुसरं काही तरी तिथं घालायला हवं होतं, आणि माझ्याजवळ तेवढंच होतं.

"म्हणजे मी मागच्या सालीबी काही नाही केलं," ती म्हणाली.

"नाही."

"आन तुमी?"

मी म्हटलं, "आम्ही दात केले."

"चांगले केले होते," ती म्हणाली. "जाळतानी तसेच होते." ती उठली, चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "तुमचं खरं असन, मावशी. पण मले रोज हातात पळी दिसते." आणि गेली.

ती अजून लोकांच्या वावरात निंदायला आणि वेचायला जाते. औषध कालवायला जात नाही. बाकी गावातल्या बायका जातात.

मॅडम पुढे नागपूरला गेल्या. माझे हात कापायला लागले तेव्हा मी काम सोडलं. कापणाऱ्या हातानं तोंड कोरडं ठेवता येत नाही. कमजोर मुळांची तसली कामं आम्ही नंतरही केली. काही टिकली, काही मोडली. जी टिकली त्यांची माणसं मला अजून बाजारात भेटतात आणि दात दाखवून हसतात. मीही बघते. हिरडीजवळची कड काळी पडली आहे का, एवढंच बघते.

त्या वावरात त्या दिवशी तिघं होते. मारोती यवतमाळच्या वॉर्डात, मशीनवर असतानाच गेला. हमीद जगला, एका डोळ्यानं त्याला अंधूक दिसतं. कांता जगली.